कोलन, कोलोन आणि पाण्याची शिंगं



लहानपणी ताप चढला की आजी कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवायची. ती हिरवट बाटली, तो वास आणि डोळ्यांत ओघळणारा थेंब अजून आठवतो. त्या बाटलीतलं "कोलन" म्हणजे एक गाव आहे आणि त्याच गावात आपण पुढे नोकरीला येऊ, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ताप मेंदूत गेला असं समजलो असतो. गावाचं जर्मन नाव कोल्न, आपण इंग्रजांच्या मागून कोलोन म्हणतो, आणि त्या पाण्याचं मराठीत कोलन वॉटर झालं. जोहान मारिया फारिना नावाच्या इटालियन माणसाच्या अत्तराच्या पेढीची इथली सुरुवात १७०९ सालची.

आणखी एक कोलन म्हणजे विरामचिन्ह, एकावर एक दोन ठिपके. शुद्ध मराठीत अपूर्णविराम. जर्मन त्याला सरळ "डोपेलपुंक्ट" म्हणजे दुहेरी ठिपका म्हणतात. आज लिहायचं आहे ते या दोन ठिपक्यांबद्दल. रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यांनी मोठं काम केलंय, आणि मला ते वयाच्या सदतिसाव्या वर्षी, एका पोरीचे मार्क घालवल्यावर कळलं.

झालं असं. आमच्यापासून ट्रामने दोन स्टॉपवर एक मराठी कुटुंब राहतं. आई-बाबा दोघंही नोकरीवाले. मुलगी इथल्या गिमनाझियुममध्ये नववीत. मी इंजिनियर म्हणजे मला सगळं येतं असा तिच्या आईचा समज, त्यामुळे रविवारी सकाळी गणित-विज्ञान माझ्याकडे. एकदा तिने वहीतलं पाण्याच्या रेणूचं चित्र दाखवलं. मधे ऑक्सिजन, खाली तिरक्या दोन रेघांनी जोडलेले दोन हायड्रोजन, आणि ऑक्सिजनच्या डोक्यावर आणखी दोन आखूड, तिरक्या रेघा, कशालाच न जोडलेल्या. बैलाला असावीत तशी शिंगं!

"काका, ही शिंगं कशाची?"

आता मंडळी, मी सांगलीकडच्या मराठी शाळेत दहावी केलेला माणूस (२००३ साल). आम्ही ठिपके आणि फुल्या काढायचो. इलेक्ट्रॉन ठिपका आकृती. शिंगं कधी पाहिली नव्हती. माहीत नाही म्हणायचं सोडून मी म्हणालो, "अगं ती इथली पद्धत असेल, सजावट. नाही काढलीस तरी चालेल." तिने पुढच्या परीक्षेत पाणी, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, सगळं शिंगं न लावता काढलं. निम्मे मार्क गेले. घरी येऊन ती आईला म्हणाली की मला केमिस्ट्री जमत नाही, पुढे तो विषय नकोच. माझं नाव तिने घेतलं नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

शिंगं म्हणजे काय ते शोधायला बसलो. शोधता शोधता दीडशे वर्षं मागे गेलो, आणि पहिला धक्का म्हणजे ही गोष्ट आमच्या शेजारीच सुरू होते. कोलोनहून बॉन रेल्वेने जेमतेम अर्धा तास. तिथे पॉपेल्सडॉर्फच्या राजवाड्याजवळ विद्यापीठाची जुनी रसायनशाळा आहे. दारासमोर एक दाढीवाला ब्राँझचा गृहस्थ उभा आहे, ऑगस्ट केकुले. पुतळा १९०३ सालचा.

केकुले मुळात गीसेनला आर्किटेक्चर शिकायला गेलेला. तिथे लीबिगची व्याख्यानं ऐकली आणि रसायनाकडे वळला. इमारती नाही तर नाही, रेणूंचे आराखडे काढायला लागला. १८५८ साली त्याने मांडलं की कार्बनला चार हात असतात आणि कार्बनचे अणू एकमेकांचे हात धरून साखळी करू शकतात. त्याच वर्षी आर्किबाल्ड स्कॉट कूपर या स्कॉटिश तरुणाने पॅरिसमधून जवळजवळ हेच मांडलं आणि चित्रात अणूंच्या मधे रेघा काढल्या. त्याचा निबंध त्याच्या वरिष्ठांकडे पडून राहिला, तेवढ्यात केकुलेचा छापून आला. कूपरचं पुढे मानसिक आरोग्य बिघडलं आणि त्याने संशोधन म्हणून पुन्हा काही छापलं नाही. आपल्याकडे शाळेत केकुले शिकवतात, कूपरचं नाव मी तरी या महिन्यापर्यंत ऐकलं नव्हतं.

केकुलेची स्वतःची चित्रं मात्र रेघांची नव्हती. त्याने अणू लांबट काढले, जितकी संयुजा जास्त तितका अणू लांब. त्याच्या टीकाकारांनी त्यांना "सॉसेज" म्हणून चिडवलं. जर्मनीत राहून रेणू सॉसेजसारखे काढणार नाही तर काय पुरणपोळीसारखे? :-) रेघ रूढ केली ती एडिंबराच्या क्रम ब्राऊनने. १८६० च्या दशकात त्याने गोलात अक्षरं घालून त्यांना रेघांनी जोडलं. फ्रँकलंडने ती पद्धत उचलली आणि १८६६ मध्ये त्या जोडणीला "बाँड" हे नाव दिलं. आपला "बंध" तिथून आला.

इथे थोडं शब्दांविषयी. जर्मनमध्ये संयुजेला "वेर्टिशकाइट" म्हणतात. "वेर्ट" म्हणजे किंमत, मोल. त्या अणूचं मोल किती, एक हायड्रोजनचं की चार हायड्रोजनचं, असा हिशेब. मराठीतली "संयुजा" युज् धातूवरून, म्हणजे जोडणं. मला आपला शब्द जास्त आवडतो. पण अणू-रेणूंचा गोंधळ मात्र आपण करून ठेवलाय. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलेक्यूल. हिंदीत ॲटमला परमाणु आणि मॉलेक्यूलला अणु. माझा कानपूरचा सहकारी आणि मी एकदा जेवणाच्या सुट्टीत यावरून पंधरा मिनिटं भांडलो, आणि दोघंही बरोबर होतो.

तर रेघ आली. केकुले १८६७ मध्ये बॉनला आला. ती भव्य प्रयोगशाळा खरं तर हॉफमनसाठी बांधली होती, पण तो बर्लिनला गेला आणि केकुलेला तयार घर मिळालं. १८९६ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच होता. बेंझीनचं वलय त्याने १८६५ मध्ये मांडलं होतं. स्वतःची शेपटी तोंडात धरलेल्या सापाचं ते प्रसिद्ध स्वप्न त्याने सांगितलं ते मात्र पंचवीस वर्षांनी, १८९० च्या बर्लिनच्या सत्कारात. खरं किती आणि भाषणातली फोडणी किती, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. मला विचाराल तर पंचवीस वर्षांनी सांगितलेली स्वप्नं जरा जास्तच नीटनेटकी असतात.

त्याचे विद्यार्थी बघा: व्हांट हॉफ, एमिल फिशर, आडोल्फ फॉन बायर. रसायनाच्या पहिल्या पाच नोबेलांपैकी तीन (१९०१, १९०२, १९०५) या तिघांना. यातल्या बायरने निळीची रचना उलगडली. (हा बायर वेगळा आणि आमच्या शेजारच्या लेव्हरकुझेनची औषधकंपनी वेगळी. स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच. मीही फसलो होतो.) १८९७ मध्ये कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा कणाच मोडला. कागदावरच्या अक्षरांचा आणि रेघांचा परिणाम बिहारच्या शेतापर्यंत पोचला तो असा.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्याने मी खुर्चीतून उठलो. या सगळ्या काळात, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं, ती रेघ म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं! रेघा मोजून औषधं बनली, रंग बनले, नोबेल मिळाली. पण रेघेच्या जागी प्रत्यक्षात काय आहे? दोरी? आकडा? चुंबक? इलेक्ट्रॉन सापडला तोच मुळी १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसनला, केकुले गेल्याच्या पुढच्या वर्षी. आपण सॉफ्टवेअरवाले ज्याला "चालतंय ना, मग हात लावू नको" म्हणतो, तसा तो कोड अर्धं शतक चालला होता. आमच्या पोरीने विचारलेला प्रश्न, "ही रेघ कशाची?", हा त्या काळातल्या मोठमोठ्या प्रोफेसरांनाही न सुटलेला प्रश्न होता. आणि मी तिला सांगितलं, सजावट.

उत्तर देणारा माणूस अमेरिकन, गिल्बर्ट न्यूटन लुईस. तोही शिक्षणाच्या निमित्ताने जर्मनीत राहून गेलेला, लाइपझिगला ओस्टवाल्डकडे आणि गोटिंगेनला नेर्न्स्टकडे. १९०२ मध्ये हार्वर्डला पहिल्या वर्गाच्या पोरांना आवर्तसारणी समजावताना त्याने अणू चौकोनी ठोकळ्यासारखे काढले. ठोकळ्याला आठ कोपरे, कोपऱ्यांवर बाहेरचे इलेक्ट्रॉन. आठ भरले की अणू तृप्त. ते कागद त्याने जपून ठेवले आणि १९२३ च्या आपल्या पुस्तकात छापले. वर्गात शिकवताना सुचलेली गोष्ट आहे ही, प्रयोगशाळेत नाही.

आठाचं गणित तो एकटाच करत नव्हता. ब्रेस्लाउचा रिचर्ड आबेग १९०४ मध्ये म्हणाला की मूलद्रव्याची जास्तीत जास्त धन आणि ऋण संयुजा यांची बेरीज आठ येते. क्लोरीन सात आणि एक, गंधक सहा आणि दोन. बिचारा १९१० मध्ये बलूनच्या अपघातात गेला, आपल्या आठाचं पुढे काय झालं ते बघायला राहिला नाही.

मग १९१६. युरोपात महायुद्ध पेटलेलं. त्या एकाच वर्षी दोन निबंध आले. म्युनिकच्या वाल्टर कोसेलने सांगितलं की सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन घेतो, आणि मग विरुद्ध भार एकमेकांना धरून ठेवतात. मिठाला हे छान लागू पडतं. पण हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना धरतात त्याचं काय? दोघं सारखेच, कोण देणार, कोण घेणार?

लुईसचं उत्तर: कुणीच नाही. दोघंही एक एक इलेक्ट्रॉन मधे ठेवतात आणि ती जोडी दोघांचीही. आपल्या वाचकांना हे सातबाऱ्याच्या भाषेत सांगितलं तर पटकन कळेल. दोन भावांच्या बांधावरची सामाईक विहीर. विहीर एकच, पण नोंद दोघांच्या उताऱ्यावर. मोठ्याची मोजा, विहीर आहे. धाकट्याची मोजा, विहीर आहे. अशी प्रत्येकाच्या उताऱ्यावर आठची भरती झाली की भांडण मिटलं. (हायड्रोजनला दोनच पुरतात, तो गरीब.)

आणि ही जोडी दाखवायला लुईसने काय वापरलं? कोलन! एच:एच. छापखान्यात नवा खिळा पाडायची गरज नाही, नवीन ब्लॉक नाही, टाइपरायटरवर बोट ठेवलं की झालं. आज मी हे ईमेलमध्ये तस्सं टाइप करू शकतो याचं श्रेय त्याच्या या काटकसरीला. बाहेरचे उरलेले ठिपके अक्षराभोवती मांडायचे. क्रम ब्राऊनची जी रेघ होती ती म्हणजे हे दोन ठिपके. रेघ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन, बस्स. पन्नास वर्षांचं कोडं एका विरामचिन्हात.

त्याला दोनचीच जोडी का वाटली, हेही बघण्यासारखं आहे. त्याने ज्ञात रेणूंमधले इलेक्ट्रॉन मोजले, तर जिकडेतिकडे सम संख्या. विषम संख्येचे रेणू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, नायट्रिक ऑक्साइडसारखे (पाच आणि सहा, अकरा). निसर्गात ज्या अर्थी इलेक्ट्रॉन जोडीने सापडतात त्या अर्थी जोडीलाच काहीतरी महत्त्व असणार. ठोकळेही त्याने मग बाजूला ठेवले, कारण दोन ठोकळ्यांची कड जुळवली की एकेरी बंध, अख्खी बाजू जुळवली की दुहेरी, पण तिहेरी बंध ठोकळ्यांनी जुळवताच येईना. ॲसिटिलीनने त्याचे ठोकळे मोडले. मला हे फार आवडलं. चौदा वर्षं सांभाळलेली कल्पना त्याने एका अडचणीपुढे सोडून दिली. आमच्याकडे लोक चौदा दिवस जुना कोड सोडत नाहीत.

पुढचा भाग थोडा कडू आहे. लुईस बोलण्यात फार पुढे नसे. १९१९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा अर्विंग लँगम्यूर (हाही नेर्न्स्टचाच विद्यार्थी) हे सगळं उचलून गावोगाव व्याख्यानं देत फिरला. "ऑक्टेट" हा शब्द त्याचा, "कोव्हॅलन्स" हा शब्दही त्याचा. म्हणजे आपल्या पुस्तकातले अष्टक आणि सहसंयुजा हे शब्द लँगम्यूरच्या शब्दांवरून बेतलेले. लोक लुईस-लँगम्यूर सिद्धांत म्हणायला लागले, काही तर नुसतं लँगम्यूरचंच नाव घ्यायचे. लुईसला ते झोंबलं. लँगम्यूरला नोबेल मिळालं १९३२ मध्ये (दुसऱ्या कामासाठी), लुईसला पुन्हा पुन्हा नामांकन होऊनही कधीच नाही. १९४६ च्या मार्चमध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत, हायड्रोजन सायनाइडचा प्रयोग चालू असताना, तो मरून पडलेला सापडला. कारण हृदयविकार दिलं गेलं. ऑफिसात ज्यांचं काम दुसऱ्याच्या स्लाइडवर गेलंय त्यांना या माणसाबद्दल वेगळं सांगायला नको.

अष्टक शब्दावरून आठवलं. आमचे शाळेतले सर फळ्यावर पांढऱ्या खडूने एका अणूचे ठिपके आणि पिवळ्याने दुसऱ्याच्या फुल्या काढायचे, आणि आठ भरले की म्हणायचे, "झाली मंगलाष्टकं, टाका अक्षता!" निऑन-अरगॉन म्हणजे त्यांच्या भाषेत ब्रह्मचारी. आम्ही खो खो हसायचो आणि पाच मार्क कुठे जायचे नाहीत. पण आठच का, दोनच का, हे मी कधी विचारलं नाही. बोर्डात विज्ञानात उत्तम मार्क पडले, म्हणजे समजलंय असं सगळ्यांनी धरून चाललं, त्यात मीही. ही मुलगी विचारते. फरक तेवढाच आहे, आणि तो लहान नाही.

आता शिंगं. जर्मनीतल्या शाळेत ठिपक्यांच्या जागी सगळीकडे रेघाच काढतात. त्याला "श्ट्रिश" म्हणजे रेघेचं सूत्र म्हणतात. बंधाची जोडी ती रेघ, आणि बंधात न अडकलेली, अणूने स्वतःकडे ठेवलेली जोडी तीही रेघच, फक्त अणूला लगटून काढलेली. म्हणजे शिंगं! आपण ज्याला एकाकी जोडी म्हणतो ती. ऑक्सिजनचे सहा, दोन हायड्रोजनचे दोन, एकूण आठ. दोन बंधात चार गेले, उरले चार, म्हणजे दोन शिंगं. ज्याला लुईसचे ठिपके माहीत आहेत त्याला ही रेघ लगेच कळते. ज्याला सुरुवातच रेघेपासून करून दिली त्याला ती क्रम ब्राऊनच्या काळातल्यासारखी गूढ वाटणार. इतिहासात ज्या क्रमाने अडचण आली त्याच क्रमाने पोरांना येते, असं माझं मत झालंय. (मी शिक्षक नाही, तेव्हा मत म्हणूनच घ्या.)

पुढच्या रविवारी मी आधी कबूल केलं की चूक माझी होती. मग वही बंद केली आणि जेवणाच्या टेबलावर साबुदाणा आणि मूग घेऊन बसलो. ऑक्सिजनसाठी कागदाचा मोठा तुकडा, हायड्रोजनसाठी दोन लहान. ऑक्सिजनला सहा साबुदाणे, हायड्रोजनला एकेक मूग.

"आता प्रत्येकाला खूश कर. ऑक्सिजनला आठ हवेत, हायड्रोजनला दोन. नवीन दाणा घ्यायचा नाही."

तिने मूग आणि साबुदाणा जोडीने मधे सरकवले. दोन्ही बाजूंना. मग ऑक्सिजनच्या वर उरलेल्या चार साबुदाण्यांकडे बघत बसली. दोन दोन करून बाजूला लावले. आणि एकदम, "आख सो! ही ती शिंगं!" (आख सो म्हणजे आपलं "अस्सं होय".)

"मग त्यांना काढलं नाही तर चार इलेक्ट्रॉन गेले कुठे?" हे मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "म्हणजे मी परीक्षेत चार दाणे चोरले."

त्यानंतर अमोनिया (एक शिंग), कार्बन डायऑक्साइड (कार्बनला शिंग नाही, दोन्ही ऑक्सिजनना दोन दोन), आणि शेवटी तिच्याच हट्टाने कोलन वॉटर. म्हणजे त्यातलं मुख्य द्रव्य, इथेनॉल. दोन कार्बनचे आठ, सहा हायड्रोजनचे सहा, ऑक्सिजनचे सहा, एकूण वीस दाणे. आठ बंधांत सोळा, उरले चार, म्हणजे पुन्हा ऑक्सिजनच्या डोक्यावर दोन शिंगं. आजीच्या पट्टीवर ही शिंगं होती तर.

शिंगांना काम काय, हेही तिने विचारलंच. बरंच आहे. चार जोड्या एकमेकींपासून दूर पळतात, त्यातल्या दोन शिंगं असल्यामुळे पाण्याचा रेणू सरळ न राहता साडेएकशेचार अंशांत वाकतो. शेजारच्या रेणूचा हायड्रोजन या शिंगांकडे ओढला जातो. तो हायड्रोजन बंध लुईसच्याच विभागातल्या लॅटिमर आणि रोडबुश यांनी १९२० मध्ये मांडला. बर्फ पाण्यावर तरंगतो तो त्यामुळेच, बर्फात रेणू या बंधांनी एकमेकांना हातभर लांब धरून उभे असतात. आणि १९२३ मध्ये लुईसने आम्ल-आम्लारीची व्याख्याच या जोडीवर बसवली: जो जोडी देतो तो आम्लारी, जो घेतो तो आम्ल. मी जिला सजावट म्हणालो तिच्यावर पाण्याचा सगळा स्वभाव उभा आहे.

ठिपक्यांना मर्यादा आहेत, हे लपवून चालणार नाही. गंधकाच्या हेक्झाफ्लोराइडमध्ये गंधकाभोवती आठ नाही, बारा मोजावे लागतात. बोरॉन सहावरच खूश राहतो. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ऑक्सिजन वायूची. ठिपके मांडले तर बारा इलेक्ट्रॉन सुरेख जोडीने बसतात, एकही एकटा नाही. पण द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या दोन ध्रुवांमधे ओतला तर तो तिथे चक्क अडकून राहतो, म्हणजे त्यात दोन इलेक्ट्रॉन एकटे आहेत. आपण रोज श्वासात घेतो त्या रेणूचंच चित्र ठिपक्यांना नीट काढता येत नाही.

दोनच का, याचं खरं कारण १९२७ मध्ये झुरिकला मिळालं. वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन या दोन तरुणांनी नवं पुंजयांत्रिकीचं गणित हायड्रोजनच्या रेणूला लावलं आणि दाखवलं की विरुद्ध फिरकीचे दोन इलेक्ट्रॉन मधल्या जागेत आले की ऊर्जा कमी होते. म्हणून जोडी. लुईसने विरामचिन्हाने सांगितलेलं त्यांनी समीकरणाने सिद्ध केलं. आणि हा फ्रिट्झ लंडन कुठला? जन्म ब्रेस्लाउचा, आबेगच्या गावचा. वडील गणिताचे प्रोफेसर, त्यांना बॉनला जागा मिळाली, आणि पोरगा वाढला बॉनमध्ये. ज्या गावात केकुले ब्राँझचा होऊन उभा होता त्याच गावातल्या शाळेत शिकून, पुढे केकुलेच्या रेघेचा अर्थ त्याने सांगितला. १९३३ मध्ये हिटलर आला. लंडन ज्यू होता, त्याला देश सोडावा लागला. हाइटलरही गेला. लंडन ऑक्सफर्ड, पॅरिस असं करत शेवटी अमेरिकेत स्थायिक झाला आणि १९५४ मध्ये तिथेच वारला. पॉपेल्सडॉर्फमध्ये केकुलेचा पुतळा आहे. लंडनचा मला तिथे दिसला नाही.

हो, आम्ही जाऊन आलो. मागच्या महिन्यात एका रविवारी, ती, तिचे आई-बाबा आणि मी. बॉन स्टेशनपासून चेस्टनटच्या झाडांच्या रांगेतून चालत राजवाड्यापर्यंत, तिथून पुढे पुतळा. आत आता रसायनशास्त्र नाही, तो विभाग कधीच एंडेनिखला गेला. तिने पुतळ्याकडे बघून विचारलं, "याला ठिपके माहीत होते?" म्हटलं, नाही. "मग याने रेघ काढली कशाच्या भरवशावर?" मी म्हणालो की मोजत गेला, किती हायड्रोजन लागतात ते, आणि हिशेब जुळत गेला. तिला ते फारसं पटलं नाही. तिच्या बाबांना मात्र सॉसेजची गोष्ट ऐकून भूक लागली, आणि आम्ही स्टेशनकडे वळलो.

दुसरी परीक्षा अजून व्हायची आहे. केमिस्ट्री सोडायचं म्हणत नाही सध्या, एवढंच. ऑक्सिजनच्या चुंबकाचा प्रश्न तिने वर्गात विचारणार म्हणून वहीत लिहून ठेवलाय.

एक विनंती. तिला हे सगळं मराठीत काय म्हणतात ते हवंय, घरी आजीशी फोनवर बोलताना सांगायला (आजी निवृत्त शिक्षिका आहेत, जर्मन शब्द ऐकून वैतागतात). माझ्याकडची यादी संयुजा, अष्टक, सहसंयुज बंध, एकाकी जोडी इथेच संपते. कुणाकडे २००० च्या आसपासची बालभारतीची नववी-दहावीची मराठी माध्यमाची विज्ञानाची पुस्तकं माळ्यावर पडलेली असतील तर रासायनिक बंधाच्या धड्याचे फोटो काढून पाठवाल का? टपालखर्च करून पुस्तकच पाठवलंत तर कोलन वॉटरची एक बाटली माझ्याकडून.

कळावे,
कोलोनहून तुमचाच